सोमवारचे वाक्य

दुपारच्या जेवणानंतर मी आरामखुर्चीत डोळे मिटते. शेजारच्या कुकरची शिट्टी चढते. ती उतरण्याची मी वाट पाहते, आणि ती उतरत नाही. त्या चढावरच कुठेतरी खुर्ची माझ्याखालून निघून जाते.

मी भाषा-प्रयोगशाळेत उभी आहे. अमरावतीच्या ज्या महाविद्यालयात मी एकतीस वर्षे इंग्रजीचे ध्वनिशास्त्र शिकवले, तिथलीच ही खोली. खिडक्यांबाहेर मात्र काचेला टेकलेले स्थिर पाणी आहे आणि त्याचे मला नवल वाटत नाही. गुणवंत तायडे फळ्यावरच्या वाक्यांवर बाण काढतो आहे : विधान संपते तिथे खाली, होकार-नकार मागणारा प्रश्न संपतो तिथे वर. तो माझा विद्यार्थी. पुढे याच विभागात एकोणीस वर्षे तासिका तत्त्वावर शिक्षक. मार्गशीर्षात तो वारला. शोकसभेत त्याला ‘संस्थेचा आधारस्तंभ’ म्हटले गेले. हयातीत ज्याला कायम केले नाही, त्याला मरणानंतर तीन दिवसांत कायम केले. एवढी तत्परता त्या संस्थेत अन्यत्र आढळत नाही.

“आज उशीर केला जी तुमी,” तो म्हणतो.

मी दचकते. आपसात केवळ इंग्रजीत बोलायचे, हा नियम मीच घातला होता. तो त्याने सव्वीस वर्षे पाळला. स्वतःच्या लग्नातही, रुग्णालयातही.

“तू वऱ्हाडी बोलतोस.”

“मेल्यावर तोंडी परीक्षा नसते, मॅडम.”

मी बाकावर बसते. तो बाक पलंग आहे. हेडफोनच्या तारांतून सलाईन उतरते आहे. पलंगावर गुणवंत, हळदीसारख्या डोळ्यांचा. रुग्णालयातल्या शेवटच्या भेटीत, त्या शुक्रवारी, म्हणाला होता तेच तो इंग्रजीत म्हणतो : सोमवारी मी वर्गावर असेन. शेवटचा शब्द वर चढतो.

वर्गात मी वाक्याचा शेवट हाताने दाखवत असे : सपाट तळहात, पायरी उतरावी तसा खाली. त्या दिवशीही हात तसाच उतरला होता. “हे विधान आहे, गुणवंत. सूर खाली आण.” त्याने आणला. निर्दोष. मी ‘उत्तम’ म्हणाले आणि घरी गेले. रविवारी पहाटे तो गेला.

विधानाचा शेवट चढला, तर बोलणारा ऐकणाऱ्याकडे खात्री मागत असतो. हा प्रश्न मी दरवर्षी दोन गुणांना विचारत असे.

“तू मला विचारत होतास,” मी म्हणते.

“मंग? घरचे सारे रडत होते. कोणाले विचारू?”

“आणि मी तुझा सूर दुरुस्त केला.”

“मस्त केला!” तो हसतो. “मरताना माझं इंग्रजी एकदम बिनचूक. नर्सबाई बी म्हणे, सर बरे होऊन रायले.”

पाणी आता पलंगाच्या पायांशी आहे.

“पुन्हा विचार.”

“खरं सांगता?”

“खरं सांगेन.”

तो आपल्या गावच्या बोलीत विचारतो, “मॅडम, सोमवारी असन का जी मी?”

शेवट चढतो आणि वरच थांबतो. माझा हात आपोआप उचलला जातो, खाली यायला निघतो. गुणवंत माझे मनगट घट्ट पकडतो.

“हात नका हलवू. उत्तर द्या.”

“नाही, गुणवंत. नसशील तू.” माझा आवाज चढतो, मध्येच तुटतो, कोणत्याही बाणावर तो बसणार नाही. “पण रविवारपर्यंत मी इथून उठणार नाही.”

“हां,” तो डोळे मिटतो. “मंग बसा.”

मी बसते. किती वेळ, ते कळत नाही.

जाग येते तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आले आहे. घरात कुणी नाही. गेल्या चार दिवसांत या घरात कुणी मला काही विचारलेले नाही. उजवे मनगट ठणकते. त्यावर चार बोटांचे लाल वळ आहेत, आतल्या बाजूला अंगठ्याचा पाचवा. वैज्ञानिक सवयीने मी त्यांवर माझा डावा हात ठेवून पाहते.

माझी बोटे आखूड पडतात.