पाचवीचं बोलावणं

औषधं आणायला मी अंबाजोगाईला गेलो होतो. परतताना धारूरच्या घाटात गाडीवान म्हणाला, "कंपौंडरसाब, तुमच्या नर्सबाई तापानं गेल्या की हो." महिना उलटून गेला, तरी दवाखान्यात पाऊल टाकलं की त्यांना नमस्कार करायला माझे हात अजून जुळतात...

हैदराबादेत शिकून त्या आमच्या सरकारी दवाखान्यात आल्या, तेव्हा गाव त्यांना दाईच म्हणे. बाई मोकळी झाली की दाईपुढं सुपात जोंधळे आणि जुनं लुगडं ठेवायचं, ही इथली रीत. पहिल्याच घरी त्यांनी सूप मागं सारलं. "मी नर्स हाय. दाई म्हनू नका, अन् हे बी नगं." स्वभाव तिखट, त्यामुळं वर्षभरात गाव सरळ झालं. पाटलीणबाईसुद्धा नर्सबाई म्हणून खुर्ची पुढं करू लागल्या. मला त्यांचा लई अभिमान वाटे.

पण पाचवीला सटवाई पुजली की दाईला बोलावून जेवू घालतात, बाळ तिच्या मांडीवर देतात. नर्सबाईंना कुणी बोलवीना. एवढ्या मोठ्या बाईला भाकरीला कसं बोलवावं, असं लोकांना वाटे. मांडीवर बाळ मिळे ते नुसतं पाणी तापवणाऱ्या म्हातारीला. माझं घर एकट्याचं. पाळणा हलता तर मी तरी बोलावलं असतं. एकदा न राहवून विचारलं, "मी सांगून बघू का लोकांना?"

"मागून आनलेलं बोलावनं कसलं ओ?" त्या म्हणाल्या. "आता कुनी दाई म्हनून हाक मारली तरी जाईन मी. पर समद्यांची तोंडं मीच बांधली न्हाई का?"

त्यांना मूलबाळ नव्हतं. मागं कुणी नव्हतं, म्हणून दवाखान्यामागची त्यांची खोली मीच आवरली. कोनाड्यात बाळांची दहा-बारा टोपडी निघाली, हातानं शिवलेली, धुऊन घडी घातलेली. पाचवीला जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शिवलेली असणार. मला तिथंच रडू आलं.

त्यांच्या हातचं शेवटचं बाळंतपण कासारांच्या घरचं. सगळ्यात वरचं टोपडं घेऊन मी तिथं गेलो. आजीनं विचारलं, "कुनी शिवलं?"

"बाळाच्या दाईनं."

आजीनं नातवाला मांडीवर घेऊन टोपडं घालून पाहिलं. ते आता त्याला लहान होत होतं.