खाकी कागदातली तांब्याची पुस्तकं

पुस्तकं फुकट देतो म्हटलं तरी घ्यायला कोणी तयार नसतं, हे मला अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकायला असताना कळलं. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

पुस्तकं होती अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या नाण्यांवरची. मोठा सेंट, अर्धा सेंट. देश नवा, टांकसाळ नवी, ठसे हाताने कोरलेले. त्यामुळे एकाच सालच्या दोन सेंटांवर पुढच्या बाजूला कोरलेल्या बाईच्या केसांची बट वेगळी, मागच्या बाजूच्या माळेतली पानं वेगळी, आकडे कुठे चिकटलेले तर कुठे फाकलेले. कोणतं नाणं कोणत्या ठशातून निघालं हे सांगणारे जाडजूड ग्रंथ आहेत. जुन्या लिलावांचे कॅटलॉग आहेत, त्यांत मोठे फोटो असतात. हे सगळं हाताशी नसेल तर हातातलं नाणं म्हणजे नुसती तपकिरी चकती. ज्याच्याकडे पुस्तकं आहेत तो सांगेल ते खरं मानायचं.

ही लायब्ररी उभी केली एका निवृत्त इंजिनियर काकांनी. ते मला बसस्टॉपवर भेटले. कॅम्पस बसचा एक मार्ग बंद होणार होता. भाडं परवडत नाही म्हणून लांब राहणारे माझ्यासारखे विद्यार्थी त्याच बसने यायचे. मी त्याविरुद्ध पत्रकं वाटत होते आणि फोनवर मैत्रिणीला मराठीत शिव्या घालत होते, कारण ती यायचं कबूल करून आली नव्हती. बाकावर बसलेल्या काकांनी दोन पत्रकं मागून घेतली. खिशातून भिंग काढलं, मान वाकडी केली आणि कागद डोळ्याच्या कडेला धरून बघत बसले.

"ही दोन वेगळ्या मशीनवर काढलीयस," ते मराठीत म्हणाले. "या खेपेत टी अक्षराचा उजवा हात तुटलाय. त्या खेपेत शाबूत आहे."

"काका, आत काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"ते कळलं गं. बस बंद होतेय. मलाही हीच लागते, गाडी चालवणं बंद केलंय डॉक्टरांनी माझं." मग पत्रकं परत देत म्हणाले, "पण छपाईत आळस केलास."

त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. समोरचं दिसायचं नाही, कडेचं थोडंफार दिसायचं. त्यांना वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं. मी शनिवारी दुपारी जायला लागले. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी चिवड्यासाठी गेले.

बेसमेंटमध्ये भिंतभर कपाटं, आणि कपाटांत सगळी पुस्तकं खाकी कव्हरातली. एकाच्याही पाठीवर नाव नाही. ही कव्हरं काकूंनी घातलेली. काकू मी भेटायच्या आधीच गेल्या होत्या. इथली शाळा ऑगस्टच्या शेवटी उघडते, पण काकूंचा जून चुकला नाही. जून आला की वाणसामानाच्या कागदी पिशव्या कापायच्या, मुलीच्या पुस्तकांना कव्हरं घालायची आणि उरलेल्या कागदात नवऱ्याची वर्षभरात आलेली पुस्तकं गुंडाळायची. सेलोटेप सढळ हाताने. मुलगी कॉलेजात गेली तरी नवऱ्याची कव्हरं चालूच राहिली. पुस्तकं नुसत्या जाडीवरून ओळखायची काकांना सवय झाली होती. नजर गेल्यावर ती कामाला आली.

"इतकी पुस्तकं कशाला काका? नाणी तर चार ट्रेमध्ये मावतात."

तेव्हा त्यांनी सांगितलं. या छंदात नवीन असताना ते नाण्यांच्या एका प्रदर्शनात गेले. विक्रेत्याने एक सेंट दुर्मीळ म्हणून गळ्यात मारला. शंका आली म्हणून ते तांब्याचे शौकीन जमायचे त्या बैठकीत गेले आणि अमुक ग्रंथ बघायला मिळेल का, असं विचारलं. उत्तर आलं की तो मेंबरांसाठी आहे. मेंबर व्हायला दोन मेंबरांची शिफारस लागते. आणि शिफारस करणार कोण, तर तिथे बसलेला तोच विक्रेता. काका घरी आले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी एकही नाणं घेतलं नाही. आधी ठशांचे ग्रंथ घेतले, मग फोटोवाले कॅटलॉग, मग बंद पडलेल्या मासिकांचे जुने अंक. वारलेल्या शौकिनांच्या घरी पत्रं लिहून गठ्ठे मिळवले.

"माझ्याकडे कोणीही यावं," ते म्हणाले. "नाणं घेऊन यावं, बसावं, बघावं. शिफारस नाही, काही नाही."

"आलं कोणी?"

"दोघं-तिघं आले. काकू चहा फार गोड करायची."

माझ्या डोक्यात तिथेच ठिणगी पडली. बसचा मार्ग असो की पुस्तकाचं पान, दारावर कोणीतरी बसलेला असतो आणि तो विचारतो, तू कोण? हा माणूस आयुष्यभर त्या दारावाल्याशी भांडला, तेही घरात बसून, एक शब्द न बोलता. मला आवाज करून भांडायची सवय. मी म्हटलं, काका, ही लायब्ररी अशीच राहील, एकत्र आणि उघडी. ती जबाबदारी माझी.

ते हो म्हणाले नाहीत. नाणं माझ्या हातात दिलं. "पानं मोजत बसू नकोस. वरच्या पानाचं टोक कोणत्या अक्षराखाली येतं ते सांग."

वसंतात टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून त्यांची मुलगी आली. ताई इथेच जन्मलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. ती वाईट नव्हती, थकलेली होती. दोन मुलं, नोकरी आणि जिन्यावरून पडणारे वडील. घर विकायचं, काकांना टेक्सासला न्यायचं, नाणी लिलावाला द्यायची, हे सगळं तिने ठरवूनच आणलं होतं. नाणी बघायला व्यापारी आला. नाण्यांवर त्याने वेळ घालवला, मान डोलावली. मग एक ग्रंथ ओढला आणि खाकी कागद नखाने उचकटला. आतलं छापील वेष्टन कागदाबरोबर टराटरा निघून आलं. सेलोटेपने त्याला कधीच खाल्लं होतं, पिवळे डाग पुठ्ठ्यापर्यंत गेले होते. त्याने दुसरं पुस्तक बघितलं, तिसरं बघितलं.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं.

"माझ्या बायकोने," काका म्हणाले.

"सॉरी," तो म्हणाला. काकूंबद्दल की पुस्तकांबद्दल, ते कळलं नाही. या अवस्थेत पुस्तकांना गिऱ्हाईक नाही. काही कॅटलॉग तेवढे वेचून नेईन, असं त्याचं म्हणणं.

"वेचून नाही," काका म्हणाले. "सगळी एकत्र जातील, नाहीतर एकही जाणार नाही."

"डॅड, बी रीझनेबल," ताई म्हणाली. "आय डोन्ट हॅव द रूम."

आत एक पान फाटलं नव्हतं, एक फोटो पुसट झाला नव्हता. बाजाराला वेष्टन हवं होतं! मी व्यापाऱ्याच्या तोंडावर हे बोलले. त्याने शांतपणे कोट घातला.

मग मी फिरले. गावच्या लायब्ररीतली बाई गोड बोलली. आलेली पुस्तकं आमच्या वार्षिक सेलमध्ये जातात, म्हणाली. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने लिहून कळवलं की विषय संग्रहाच्या धोरणात बसत नाही. तांब्याच्या शौकिनांच्या एका गटाने मात्र आनंदाने होकार दिला. मेंबरांमध्येच लिलाव करू, पैसे गटाच्या फंडात जातील. मेंबरांमध्ये! मी फोन आपटला.

राहिलं आपलं इथलं मराठी मंडळ. अध्यक्षकाका घरी ढोकळा खात होते.

"अगं, शिवराई असती तर गोष्ट वेगळी होती," ते म्हणाले. "अमेरिकेच्या तांब्याचं आपण काय करायचं?"

"काका, तुमची नातवंडं कुठली?"

"नातवंडांना पण नकोय गं ते. त्यांना आयपॅड हवाय. बरं, गणपतीनंतर बघू. तोपर्यंत तू डेकोरेशन कमिटीत ये ना. आवाज चांगलाय तुझा."

गणपतीला अजून पाच महिने होते. घर त्याच्या आधी विकलं जाणार होतं.

शेवटी पुस्तकं माझ्या अपार्टमेंटमध्ये आली. आम्ही तिघी राहायचो. "यार, किचनमध्ये पण?" एक रूममेट म्हणाली, आणि मग तिनेच मायक्रोवेव्हच्या खालचा खण रिकामा केला. न्यायच्या आधी काकांच्या बेसमेंटमध्ये बसून मी प्रत्येक पाठीवर मार्करने नाव लिहिलं. उघडी लायब्ररी म्हणायची आणि फक्त एकाच माणसाला पुस्तक सापडणार, हे कसं चालेल? मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवायचे. ते कडेवरून अंगठा फिरवायचे, नाव सांगायचे, मी लिहायचे. भराभर चाललं होतं. मग एका मध्यम जाडीच्या पुस्तकाशी ते थांबले. वजन केलं, पुन्हा अंगठा फिरवला.

"उघड," ते म्हणाले.

मी उघडून नाव वाचलं. त्यांनी पुढचं पुस्तक मांडीवर घेतलंच नाही. त्यानंतरची सगळी पुस्तकं मीच उघडली.

काका टेक्सासला गेले. मी पत्रक काढलं, या वेळी एकाच मशीनवर: 'घरात जुना तांब्याचा सेंट आहे? शनिवारी दुपारी या. स्वतः बघा. फी नाही, मेंबरशिप नाही.' बसस्टॉपवर लावलं, लॉन्ड्रीत लावलं, चर्चच्या बोर्डावर लावलं. पहिल्या शनिवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारी एक विद्यार्थी आला, त्याला पार्टी आहे असं वाटलं होतं. नंतर एक म्हातारा अमेरिकन आला, रुमालात सेंट गुंडाळून. आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर ग्रंथ पसरले, पानाचं टोक शोधलं, आकड्यांमधली फट शोधली आणि प्रकार नक्की केला. मी खूश झाले. तो म्हणाला, "याचे किती पैसे येतील?" मला माहीत नव्हतं. त्याने रुमाल पुन्हा गुंडाळला आणि गेला.

मी फ्रिस्कोला फोन केला. ताईने काकांना दिला.

"कोणी आलं?"

"एक जण. प्रकार काढला मी. कॉमन निघाला."

"कोणत्या अक्षराखाली टोक?"

मी सांगितलं. त्यांनी मनात कुठलंतरी पान उघडलं असावं. "बरोबर काढलंस," म्हणाले. मग, "त्याला बसावंसं वाटलं?"

"त्याला किंमत हवी होती, काका."

"हं. माझी नाणी गेली ना, गेल्या आठवड्यात. लॉट पाडून. कोणाकोणाकडे गेली ते सांगत नाहीत."

मला हे माहीत नव्हतं. मी लिलाववाल्यांबद्दल, त्यांच्या गुप्ततेबद्दल, तांब्याच्या या बंद बाजाराबद्दल बोलायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं.

"तू पत्रक वाचतेयस," ते म्हणाले. रागाने नाही. "पुस्तकं देऊन टाक आता. ज्याला जे हवं ते नेऊ दे. माझ्याकडे तपासायला काही उरलं नाही."

"तुमच्या नाण्यांसाठी नव्हतीच ती. तुम्हीच म्हणाला होतात, कोणीही यावं."

"म्हटलं होतं."

ऑगस्टमध्ये आमची लीज संपली. नवं घर लहान, तिसरा मजला, लिफ्ट नाही. रूममेट म्हणाली, अर्धी तरी काढ. मी काढली नाहीत. खोकी वर नेताना आम्ही तिघीही एकमेकींशी बोलत नव्हतो. वर पोचल्यावर धापा टाकतच मी फ्रिस्कोला फोन लावला, सगळी आली म्हणून सांगायला. एकही सुटं गेलं नाही, म्हटलं. शनिवारी पुन्हा उघडणार आहे.

"कोणासाठी?" काकांनी विचारलं.

"लोकांसाठी," मी म्हणाले. पत्रकात हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल. खोक्यांच्या मध्ये उभं राहून बोलले तेव्हा मला एकही चेहरा आठवेना.

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ताईकडे दिला.