देवळालीहून गेलेला शब्द

शीलाताई गेल्या त्याला महिना होत आला, पण माझा राग काही उतरत नाही. राग त्यांच्या जाण्याचा नाही, वय झालं होतं. खडकीतल्या त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे जमलो होतो. बुद्धवंदना झाली आणि त्यांचा मुलगा प्रशांत लंडनहून मोबाइलच्या पडद्यावर आला. म्हणाला, "खरं सांगायचं तर, आई शेवटी शेवटी जरा डुलॅलीच झाली होती." डुलॅली, म्हणजे तिकडच्या बोलीत वेडसर. चारजण हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण हा शब्द मला ताईंनीच शिकवला होता. आम्ही दोघी एकाच शाळेत इंग्रजी शिकवायचो. साहेबाच्या रांगड्या बोलीत आपल्याकडून गेलेले शब्द हुडकायचे, हा त्यांचा नाद. नजर टाकणं म्हणजे 'डेको', आपलं देखो. आरामाची नोकरी 'कुशी', ती आपल्या खुशीतून. "नेलं ते नेलं, निदान पोच तरी द्यायची!" म्हणत चहा ओतायच्या. पण डुलॅलीवर आल्या की थट्टा बंद. हा शब्द आपल्या देवळालीचा. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने बोटीची वाट बघत बसायचे. हाताला काम नाही, ऊन, ताप... काहींचं डोकं फिरायचं. "वेडे ते ठरले गं," ताई म्हणायच्या, "त्यांना ताटकळत ठेवणाऱ्यांसाठी नाही कुणी शब्द केला."

आणि प्रशांतने काय केलं? दिवाळीला येतो, मग नाताळात येतो, मग मुलांच्या सुट्टीत नक्की... दर वेळी ताई त्याच्या खोलीतली चादर बदलायच्या, चिवडा करायच्या, आणि तो चिवडा शेवटी आमच्या घरी यायचा. फोनवर पुन्हा "कधी येतोस?" विचारलं की हा म्हणे, आई विसरायला लागलीय. अहो, उत्तर मिळालं नाही की माणूस पुन्हा विचारतो! याला वेड म्हणतात?

परवा त्याचा फोन आला. घर बघायला गिऱ्हाईक येणार आहे, तुमच्याकडची किल्ली त्याला द्या म्हणाला. आधी एकदा झाडून घ्यावं म्हणून मी गेले, तर दाराला आतून कडीच नाही. नुसती स्क्रूची भोकं. खालच्या सुताराने सांगितलं, ताईंनीच काढायला लावली. मुलाकडे किल्ली आहे, तो अवेळी आला आणि मला ऐकू नाही आलं, तर कडीमुळे बाहेर उभा राहील... एवढंच म्हणाल्या होत्या.

मी हे प्रशांतला सांगितलं. तर म्हणाला, "बघा मावशी, हेच म्हणत होतो मी."

किल्ली मी दिलेली नाही. त्याची त्याच्याकडे आहे. घेऊन यावं आणि स्वतःच्या हाताने उघडावं दार.