रविकांत पेंटरचा हात

लातुरात ज्याच्या दुकानावर माझ्या वडिलांनी रंगवलेला बोर्ड नाही, त्याचं दुकान चालायचं नाही, असं ते स्वतःच सांगायचे. थोडं फुगवून सांगायचे, पण अगदीच खोटं नव्हतं. लहानपणी मला बोटाला धरून गंजगोलाईत फिरवताना दुकानात काय मिळतं ते त्यांनी कधी दाखवलं नाही. दाखवल्या त्या पाट्या. "ह्यो 'श' बघ माय, एका दमात काढलेला हाय." मला लेमनच्या गोळ्या हव्या असायच्या. आता फ्लेक्सच्या गर्दीत एखादी हातची पाटी दिसली की मीच मधे थांबते, आणि मागचा दुचाकीवाला मला शिव्या घालतो.

पेंटर मंडळीत एक समज पक्का होता. हात थरथरला की दारूची एक नव्वद मारायची, रेघ सरळ येते. पप्पांना तो किल्लारीत चिकटला. भूकंपानंतर गाव नव्यानं वसलं, तेव्हा घरांवर नंबर टाकायचं काम त्यांना मिळालं होतं. वय तेवीस-चोवीस. एका बाईनं नंबराखाली आपल्या दोन लेकरांची नावं लिहून मागितली. लेकरं भूकंपात गेलेली. पप्पांना पहिलंच अक्षर जमेना. जोडीदारानं बाटली पुढं केली, आणि नावं सरळ आली. ही गोष्ट ते प्यायल्यावरच सांगत आणि दर वेळी रडत. मला त्या बाईसाठी वाईट वाटायचं आणि पप्पांचा संताप यायचा, दोन्ही एकदमच.

पुढं व्हायचं तेच झालं. फ्लेक्स आला, काम गेलं, पिणं तेवढं राहिलं. आई गेल्यावर तर विचारूच नका. यंदा उन्हाळ्यात पप्पांनी दहा दिवस सरकारी दवाखान्यात काढले. सोडताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक फोन नंबर लिहून दिला. दारू सोडलेल्यांची बैठक असते, दर रविवारी अकरा वाजता, जा म्हणाले.

"जाऊ की," पप्पा म्हणाले. "पन हात कायमचा गेला तर? न पिता मला एक अक्षर येत न्हाई माय." भीती होती ती एवढीच. लिव्हरचं काय होईल, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलंसुद्धा नव्हतं.

फोनवरच्या माणसानं पत्ता सांगितला, जुन्या टॉकीजच्या मागं, क्लासच्या इमारतीत. टॉकीज पाडून बारा वर्षं झाली. मोबाइलचा नकाशा आम्हाला फिरवून फिरवून एका मेसच्या दारात आणून सोडत होता. शेवटी पप्पाच पुढं झाले. "हितं मी सिनेमाची पोस्टरं रंगवायचो. हितं आमचा पानवाला. अन् ह्या लिंबाखाली तुझी आय डबा घेऊन बसायची." लिंब नव्हता, पानवाला नव्हता, पण त्यांना अख्खा रस्ता दिसत होता, आणि ऐकता ऐकता मलाही डबा घेऊन बसलेली आई दिसायला लागली. आपण कशासाठी आलोय हे मी दहा मिनिटं विसरले. फार बरं वाटत होतं, खरं सांगते.

इमारतीचा वॉचमन खुर्चीतून न उठताच म्हणाला, "ॲडमिशन का? नीट का जेईई?"

लातुरात बापलेक क्लासच्या दारात दिसले की दुसरा प्रश्न कुणाला सुचतच नाही. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, पण तेव्हा मी नुसतीच पर्समध्ये डॉक्टरांची चिठ्ठी शोधत राहिले.

"पोरगी मोठी दिसून राहिली. रिपीटर बॅच हाय का?"

"रिपीटर मी हाय," पप्पा म्हणाले. "दारू सोडण्यात चारदा नापास."

वॉचमन उठून उभा राहिला. "दुसरा मजला, शेवटची खोली," तो हळूच म्हणाला. "जा, आत्ताच बसलेत सगळे."

खोलीत दहा-बारा माणसं बाकांवर बसली होती. फळ्यावर रसायनशास्त्राची सूत्रं तशीच होती. सिद्धराम नावाचे एक म्हातारे गृहस्थ थर्मासमधून चहा ओतत होते. चहापुरतं घरच्यांनी बसायचं, मग बाहेर थांबायचं, असं त्यांनी सांगितलं. मला त्यांनी भरून कप दिला आणि पप्पांना अर्धा.

माझं डोकंच फिरलं. माझ्या आजोबांना गावात चहा कसल्या कपात आणि किती लांबून मिळायचा, हे ऐकत मी मोठी झाले आहे. "यांना अर्धा का?" मी सगळ्यांदेखत विचारलं. "पहिल्यांदा आलेत ते. भरून द्या!"

"बाई, माझाबी अर्धाच हाय," सिद्धराम म्हणाले. "नव्या मानसाचा हात थरथरतो. भरला की सांडतो, सांडला की त्यो लाजतो, अन् लाजला की परत येत न्हाई. म्हनून आमी समदेच अर्धा घेतो."

मी बाकांवरून नजर फिरवली. भरलेला कप माझ्या एकटीच्याच हातात होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पप्पांनी दोन्ही हातांनी कप उचलला, ओठापर्यंत नेला, आणि थेंबही सांडला नाही.

तासाभरानं ते बाहेर आले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "हाताचं इचारलं मी. सिद्धरामला सही जमायला आठ महिने लागले म्हने." मग जिना उतरताना स्वतःशीच म्हणाले, "आठ म्हंजी काय लई न्हाईत."

त्याला आता पाच महिने झाले. एकही रविवार चुकलेला नाही. काल सकाळी शाळेत शिकवायला निघाले, तर पप्पा अंगणातल्या फरशीवर खडू घेऊन बसलेले. फरशीवर माझं नाव होतं, बुद्धप्रिया.

"वाकडं आलंय का गं?"

मास्तरीण पडले, खोटं बोलवेना. "हाव पप्पा. लई वाकडं."

त्यांनी खडू खाली ठेवला. "तुझ्या पाळन्यावर लिवलं, वह्यांवर लिवलं, समदं पिऊनच लिवलं," ते म्हणाले. "शुद्धीत आज पहिल्यांदा लिवलं, माय."

मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी फरशीवर बसून मनसोक्त रडले. शाळेत पोचायला तास उशीर झाला.