बॉल बावखलात जाता कामा नये

सर बॉलबद्दल बोलायला लागले की वाटायचं, बॉलचं लग्न जमवायचं चाललंय.

"बॉलला लाथ मारायची नाही. बॉलला विनंती करायची. बॉल हा पाहुणा आहे. पाहुणा दारात आला की आपण काय करतो?"

समोर राजोडीकडची दहा-बारा अनवाणी पोरं. त्यातलं सगळ्यात बुटकं, आमचं लेफ्ट बॅक, म्हणालं, "पाहुना कोन हाय त्यावर हाय, सर."

मी खोकल्याचं नाटक करून पाठ फिरवली.

सरांचा माणिकपूरला फ्लॅट, नोकरी मुंबईला बँकेत. आमच्याशी त्यांचा संबंध फक्त रविवारचा. चर्चमधली मिस्सा संपली की हे ट्रॅकसूट घालून ग्राउंडवर हजर. मे महिन्यात ट्रॅकसूट! पायात पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. तेव्हा घरोघरी नुकतीच केबल आली होती, युरोपातल्या फुटबॉलच्या मॅचेस दिसायला लागल्या होत्या, आणि शनिवारी मॅच बघितलेला जो तो रविवारी कोच झालेला असायचा. सर त्यातले सगळ्यात वरच्या नंबरचे. "इनसाइड ऑफ द फुट, फॉर्टी फाइव्ह डिग्री," असं ओरडून ते बॉल कसा अडवायचा ते करून दाखवायचे. बॉल त्यांच्या बुटाखालून आरामात निघून जायचा. मग सर कंबरेवर हात ठेवून म्हणायचे, "बघितलं? ही चूक करायची नाही."

त्यांची ही पोज मी इतकी हुबेहूब करायचो की पोरं वाळूत लोळायची. याच्यापलीकडे मला त्या दिवसांत काहीही येत नव्हतं. बारावी झालेली, पुढे अंधार. पप्पा जेवताना विचारायचे, "नकला करून पोट भरनार काय रे तू?" आणि मी पप्पांचीच नक्कल करत म्हणायचो, "बघतो ना." मग पप्पा अर्ध्या ताटावरून उठायचे.

म्हणून सरांच्या मागे असिस्टंट झालो. म्हणजे बॉलची जाळी उचलायची, विटा मांडायच्या, विटांमधून पोरं बॉल नेत असताना "शाब्बास" म्हणायचं. आठवड्यातले बाकीचे दिवस प्रॅक्टिस मीच घ्यायचो. हे सगळं फुकट नव्हतं. माणिकपूरच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत लहान वर्गांना खेळ शिकवायला माणूस हवा होता, आणि तिथले ट्रस्टी सरांच्या ओळखीचे. सर म्हणाले होते, "त्यांच्या पोरांशी मॅच लावू. आपली पोरं जिंकली की तुझं नाव टाकतो." जिंकली तर नोकरी, हरली तर परत पप्पांसमोर ताटावर. साधा हिशोब.

आता आमचं ग्राउंड. आमच्या गोलच्या मागे शेजारच्या वाडीचं बावखल होतं. केळींना आणि पानवेलींना पाणी द्यायला खणलेलं उघडं तळं, विहिरीसारखं खोल. कठडा वगैरे काही नाही. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं, वर हिरवी साय, कडेला पाणदिवड सापांचा संसार. बॉल त्यात पडला की खेळ खलास. नियम पोरांनीच केलेला: ज्याने सोडला तो उतरणार. वर वाडीवाली काकी कोयता घेऊन उभी. "या, या! सगले मिलून माज्या केली तुडवा!"

त्यामुळे झालं काय, गोलकडे येणारा कुठलाही बॉल, सरळ असो की वाकडा, ही पोरं जीव टाकून अडवायची. पाय असा अलगद मागे घ्यायची की बॉल चिकटल्यासारखा जागीच मरायचा. केबलवरच्या गोऱ्या खेळाडूंनी बघावं! सर ते लांबूनच बघायचे, कारण बावखलाच्या बाजूला चिखल आणि बूट पांढरे. तिथूनच आईबापांना सांगायचे, "ही माझी मेथड." मेथड कसली, पाणदिवडं!

मॅचच्या दिवशी शाळेचं ग्राउंड बघून पोरं खूश. सपाट, गोलच्या मागे नुसती कंपाउंडची भिंत. खुर्चीवर ट्रस्टी, सफारीत, हातात थंड्याची बाटली. शेजारी सर. त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, "कंट्रोल बघा, सगळं बेसिक मी घेतलंय."

पहिला हाफ कोणाचाच गोल नाही. दुसऱ्या हाफला त्यांच्या एका ढब्बू पोराने असा फटका मारला की बॉल गोलपासून चांगला लांबून बाहेर चाललेला. जाऊ द्यायचा, गोलकिक आपली. शेंबड्या पोरालाही कळतं. पण आमचं लेफ्ट बॅक सुटलं! चित्त्यासारखं धावत जाऊन, पाय लांबवून, रेषेवर बॉल असा जागीच थांबवला की काय सांगू. सुरेख. आणि छाती फुगवून आमच्याकडे बघायला लागलं. तेवढ्यात ढब्बू चालत आला, बॉल घेतला, गोल.

"जाऊ द्यायचा होता!" सर किंचाळले. "लीव्ह इट!"

"जाऊ देऊ?" ते पोरगं तिथून बोंबललं. "नी उतरनार कोन? तुमी?"

थोड्या वेळाने उजवीकडून तसाच वाकडा बॉल. या वेळी राइट बॅकने वाचवला. तितकाच सुरेख. परत गोल. मी डोक्याला हात लावून खाली बसलो. शिट्टी वाजली, हरलो.

ट्रस्टी उठून आले. "बॉल बाहेर जाऊच देत नाहीत ही मुलं. हे कोणी शिकवलं?"

सरांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. बोट माझ्याकडे. "याने. मी नसताना हाच घेतो प्रॅक्टिस. माझ्या मेथडमध्ये हे बसतच नाही."

गेली नोकरी, म्हटलं.

"अरे, कमाल आहे!" ट्रस्टी म्हणाले. "आमची कार्टी बॉल भिंतीपलीकडे मारतात. मागच्या सोसायटीच्या काचा फुटतात, ते लोक सकाळ-संध्याकाळ माझ्या ऑफिसात येऊन बसतात. मला असाच माणूस हवा होता. सोमवारपासून ये."

हा शाळेचा ट्रस्टी. डोळ्यांदेखत दोन गोल खाल्ले ते याला दिसले नाहीत, मागच्या बिल्डिंगच्या काचा दिसल्या. "म्हणजे... पायाभूत काम माझंच आहे तसं," असं काहीतरी सर पुटपुटले, पण ट्रस्टी तोपर्यंत शिपायाला बाटली देत होते.

बाहेर रिक्षा स्टँडजवळ पोरं तोंडं पाडून उभी. मी बातमी सांगितली. वाटलं, उचलून घेतील.

लेफ्ट बॅकने नाक पुसलं. "म्हन्जे आमी हरलो म्हनून तुला नोकरी लागली?"

"तसंच काहीतरी."

"मंग आदी सांगायचं ना, दादा. एवढं धावलो कशाला आमी?"