फोटो नसलेली कुत्री

आमच्या रहाटणीच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर वर्षाली राहते. लोकांची कुत्री-मांजरं ती लोकरीची करून देते. विणून नव्हे. लोकरीचा गोळा घ्यायचा आणि बारीक खाचांची लांब सुई त्यात टोचत राहायची. टोचू तशी लोकर आत गुंतत घट्ट होते आणि हळूहळू त्यातून नाक, कपाळ, कान वर येतात. लग्नाआधी ती भोसरीच्या एका कारखान्यात वायरिंगच्या लाईनवर होती, तिथली बोटांची सफाई इथे उपयोगी पडली. बाकी सगळं मोबाईलवर बघून शिकली. आतल्या भरावासाठी धनगरांकडची जाडीभरडी लोकर आणून बादलीत धुते. ती गॅलरीत वाळत असली, की खालच्या स्वरूपावहिनी जिन्यात हमखास विचारतात, आज मेंढरं कुणाकडे उतरलीत म्हणून.

तिचा एकच नियम आहे, फोटो नाही तर काम नाही. एक समोरून, दोन्ही बाजूंनी एकेक आणि एक उन्हातला, कारण ट्यूबलाईटखाली रंग खोटं बोलतो. पिंपळे सौदागरच्या टॉवरमधली मंडळी आपल्या लॅब्राडोरचे ढीगभर फोटो पाठवतात, त्यामुळे अडायचं कारण नव्हतं.

अडलं ते घरच्याच कामात. तिचा नवरा सुजित चाकणला एका कंपनीत आहे. तिथले गेटवरचे सिक्युरिटी ज्ञानदेवकाका नोकरी संपवून अंबाजोगाईकडे आपल्या गावी कायमचे निघाले होते. गेटवर त्यांच्यापाशी एक कुत्री असायची, ती गेल्या थंडीत म्हातारी होऊन गेली. तेव्हापासून काका लोकांशी कामापुरतंच बोलत. कंपनीतल्या पोरांनी ठरवलं, निरोपाला शाल-नारळ नको, काकांना त्यांची कुत्री लोकरीची करून देऊ.

वर्षालीने फोटो मागितले. सुजितकडे एकही नव्हता. कुणाकडेच नव्हता. त्या कंपनीत फोन आत नेताना गेटवर कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, आणि ते लावणारे हेच ज्ञानदेवकाका. साहेबांच्या फोनलाही त्यांनी कधी सोडलं नाही. गेटबाहेर उभं राहून कुणी कुत्रीवर मोबाईल धरला, तरी मागे गेट दिसतंय म्हणून काका तो फोटो पुसायला लावत. खंडेनवमीच्या पूजेचा तेवढा एक ऑफिसने काढलेला फोटो होता. त्याच्या कोपऱ्यात कुत्रीची शेपटी आली होती.

वर्षाली नाही म्हणाली. सुजितने समजूत काढली, की गावठी कुत्री ती, सगळ्या सारख्याच, कुठलीही तपकिरी बनव, काका तसेही रडणारच आहेत. तो हे सहज बोलला, पण तिने पोळी तव्यावर तशीच सोडून गॅस बंद केला.

"कुठलीही नाही," ती म्हणाली. "करीन तर तीच करीन."

सुजितने केलेल्या वर्णनावरून तिने पहिली केली. त्याला ती हुबेहूब वाटली. कंपनीच्या बसमध्ये दाखवल्यावर मात्र फर्स्ट शिफ्टवाले म्हणाले, आमची राणी एवढी लाल नव्हती. नाईटवाले म्हणाले, लालच होती, पण आमची पिंकी अंगाने भरलेली. एका कुत्रीला शिफ्टप्रमाणे नावं होती आणि रंगही. वर्षालीने सुजितला सांगितलं की आता मतं गोळा करू नका, ती जिथे झोपायची तिथलं काही मिळतंय का बघा. त्याने केबिनमागचं गोणपाट आणलं. त्यातले केस तिने चिमट्याने वेचून पांढऱ्या कागदावर ठेवले. टोकाला तांबूस, मुळाशी राखाडी. म्हणजे दोन्ही शिफ्ट खरं बोलत होत्या. दोन रंगांची लोकर एकत्र विंचरून तिने तो रंग धरला.

पण चेहऱ्याचं काय? एका सकाळी मला म्हणाली, "ताई, चाकणला येता का?" पिशवीत त्या रंगाच्या लोकरीचं नुसतं डोकं होतं. दोन बस बदलून आम्ही गेटसमोर उतरलो. रस्त्यापलीकडे कस्तुराबाईंची चहाची टपरी आहे. त्या मूळच्या तिथल्याच. आज कंपनी आहे त्या जागी त्यांच्या सासऱ्यांचा भुईमूग असायचा. वर्षालीने डोकं त्यांच्या हातात दिलं. बाईंनी हात पदराला पुसले आणि बघायच्या आधी चाचपलं.

"तोंड येवढं निमुळतं न्हाई," त्या म्हणाल्या. "आन मान कुठं हाय हिची?"

मग त्यांनी सांगितलं. पिल्लू असताना पॅकिंगच्या प्लास्टिक पट्टीचं कडं तिच्या मानेत अडकलं होतं. पिल्लू वाढत गेलं, पट्टी तेवढीच राहिली आणि मांसात रुतली. ज्ञानदेवकाकांनी इथेच, या बाकड्यावर, ब्लेडने ती कापली. जखम भरली, पण मानेभोवती घळ राहिली. "केसांखाली. वरनं दिसायची न्हाई. बोटाला लागायची."

घरी आल्यावर सुजितचं म्हणणं पडलं, की निरोप शनिवारवर आलाय, जे दिसतच नाही ते कशाला करत बसायचं.

"काका काय तिला लांबून बघायचे का?" वर्षाली म्हणाली, आणि तिने नवा गोळा घेतला.

मी रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसायचे. मानेभोवती एकाच रेषेत ती सुई टोचत राही, लोकर दबून आत जाई. फार टोचलं की मान मोडल्यासारखी दिसे, मग पुन्हा भर घालायची. सुया मोडल्या. अंगठ्याला चामड्याची टोपी असूनही दोन बोटांना पट्ट्या आल्या. घळ मनासारखी झाली तेव्हा तिने त्यावर लांब केस लावून ती पूर्ण झाकून टाकली. शेवटी डोळे मिटून तिथे बोट फिरवलं, आणि मलाही फिरवायला लावलं.

आत बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणून शनिवारी शिफ्ट सुटल्यावर सगळे टपरीपाशी जमले. काकांनी खोका उघडला. कुत्रीकडे बराच वेळ बघितलं, उलटसुलट करून बघितलं. सुजितने माझ्याकडे पाहिलं. वर्षाली फक्त काकांच्या हाताकडे बघत होती. त्यांचा अंगठा सवयीने मानेवरच्या केसांत गेला आणि थांबला. मग सावकाश मानेभोवती फिरला, पूर्ण.

"हे कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

कस्तुराबाई ग्लास विसळत होत्या. "तुमी पट्टी कापली तवा पिल्लाला धरून कोन बसलं व्हतं?"

काकांनी कुत्री छातीशी धरली. नाईटवाल्या एका पोराने फोटोसाठी मोबाईल वर केला, तसा काकांचा हात पुढे आला.

"इथं नाही. मागं गेट येतंय."

डोळे पुसत ते टपरीला वळसा घालून पलीकडे गेले, मागे नुसती ताडपत्री येईल अशा बेताने उभे राहिले, कुत्रीचं तोंड समोर केलं आणि म्हणाले, "हं, काढ आता."

त्या कुत्रीचा तेवढा एकच फोटो आहे.