थरथरते पाटे आणि वासुदेवराव

मारेगावच्या आमच्या शाळेच्या फाटकाची बिजागरी तुटली, तेव्हा मुख्याध्यापकांनी वेल्डर शोधायला मलाच वणीला पाठवले. चित्रकलेच्या बाईंना तास कमी, हे त्यांचे कारण. अशी माझी आणि वासुदेवराव पिदूरकरांची पहिली भेट झाली. खाणीच्या वर्कशॉपातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. अंगणात ट्रकच्या चाकांवरचे धक्के झेलणाऱ्या कमानीचे लवचीक पोलादी पाटे जोडून उंच काहीतरी उभे केलेले होते. ना माणूस, ना झाड.

"हे काय आहे?" मी विचारले.

"मले मालूम असतं, तं बनवत कायले बसलो असतो?" असे म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन फाटक बसवून दिले. मी मात्र त्या अंगणात जातच राहिले.

आम्ही सारे त्यांना भाऊ म्हणतो. भाऊंना स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाही. जेवता जेवता ते चमचा वाकवून पाहतात. पूर्ण झालेले शिल्प आठवड्याभरात कापून टाकतात. त्यांच्या पत्नी सुमनकाकू म्हणतात, "एक कढई साबूत ठेवली, तेच उपकार." प्रेरणेबद्दल विचारले, तर भाऊ सांगतात, "डोक्यात खडखड होते. ती थांबावी म्हणून जोडतो. थांबत नाही, म्हणून कापतो."

त्यांचे जन्मगाव खाणीच्या विस्तारात उठले. नव्या वस्तीच्या चौकात जुन्या गावाची आठवण म्हणून शिल्प बसवायचे ठरले आणि वस्तीच्या समितीने ते काम भाऊंना दिले. त्यांनी आधी अंगणातच तीन उंच पाटे फक्त बुडाशी जखडून उभे केले. बाजूने ट्रक गेला की ते थरथरत. समितीची मंडळी पाहायला आली आणि पाट्यांभोवती फिरून म्हणाली, "याच्यात गाव कुठी आहे, भाऊ? एखादा बैल तरी टाका!"

मीही त्यांना बैल करायला सांगितले. चौक हातचा जाईल, ही मला भीती. भाऊंनी माझे ऐकले. पत्र्याचा इतका देखणा बैल केला की शेजारीपाजारी बघायला आले. तीन दिवसांनी सकाळी ते मारेगावला माझ्या दारात उभे. डोळे लाल.

"कापला बैल."

"का हो भाऊ? चांगला झाला होता!"

"तेच तं. पाहून सारे खुश होऊन राह्यले. गाव उठलं तेव्हा कोणी खुश होतं काय?"

समितीने काम काढून घेतले. मी चिडले, महिनाभर त्यांच्याकडे फिरकले नाही. त्याच काळात माझे स्वतःचे चित्र काढणेही सुटले होते. एके दिवशी शाळेतून घरी आले, तर ओसरीवर लोखंडी पट्ट्यांचा घोडा उभा, माझ्या उंचीला बेतलेला, कॅनव्हास ठेवण्यासाठी. सोबत निरोप: "रंग वाळू देऊ नका." रागावले होते मी आणि समजूत काढत होते ते! त्याच दुपारी मी वणीची बस धरली.

भाऊंच्या अंगणात त्यांच्या जुन्या गावच्या अनुसयाबाई नातीच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन आल्या होत्या. तेवढ्यात खाणीत सुरुंग उडाला. जमीन हलली, अंगणात अजून तसेच उभे असलेले तिन्ही पाटे थरथरू लागले. अनुसयाबाईंनी झटकन पुढे होऊन एका पाट्यावर तळहात टेकवला आणि थरथर थांबेपर्यंत तसाच ठेवला.

"वासू, आपल्या भिंती अशाच हालत," त्या म्हणाल्या. "तुही माय अशीच हात लावून उभी राहे. मी म्हणो, काहून वं, हातानं भिंत थांबते काय? ते म्हणे, भिंतीले भेव वाटते."

हातातला कापायचा ग्राइंडर भाऊंनी खाली ठेवला.

समितीकडे अनुसयाबाई स्वतः गेल्या. बैल नसलेले ते शिल्प आज वस्तीच्या चौकात उभे आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्याला हात लावतात.

मागच्या आठवड्यात भाऊंचा फोन आला. मधला पाटा फार सरळ झाला आहे, कापून पुन्हा लावावा म्हणतात. समिती धास्तावली आहे, आणि खरे सांगायचे तर मीही.

या महिन्यात भाऊंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. पंचाहत्तरीला माणसाला शांती चिंतण्याची रीत आहे. भाऊ, ती मात्र माझ्याने चिंतवत नाही. तुमचे गुडघे, डोळे आणि काकूंची साथ शंभरी पार करोत. आणि ती खडखड एक दिवसही न थांबो.